लोटलेलं दार

करपलेल्या ब्रेडवरचा काळा थर ती सुरीने खरवडत होती. सुरीचा तो कोरडा आवाज तिला बरा वाटत होता, कारण त्यात कोणी काही विचारत नव्हतं. तेवढ्यात नणंदबाई मोबाइल छातीशी धरून स्वयंपाकघरात आल्या. दाढेच्या उपचारांसाठी त्या आठवड्यापुरत्या आल्या होत्या. आठवडा केव्हाच संपला होता, दाढ मात्र अजून चालू होती. डावा गाल सुजलेला, त्यामुळे त्यांचं बोलणं तोंडात कापसाचा बोळा ठेवल्यासारखं यायचं, पण म्हणून ते कमी झालं होतं असं नाही. "अगं, नाव आलंय तुझं!" त्या म्हणाल्या. "म्हणजे तुझं नाही, तुझ्या गेमचं. ऐक. अगदी नव्या कल्पनेवरचे दहा गेम्स, ज्यांच्यातून मोठ्या मालिका उभ्या राहू शकतात. त्यात 'शेजारची किल्ली' सातवी. 'या शांत, छोट्याशा गेममध्ये एक कुलूपबंद खोली आहे. तिच्या आत काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. इथेच एका मोठ्या मालिकेचं बीज दडलेलं आहे.' बीज!" त्यांनी मान वर केली. "आम्हाला कधी बोलली नाहीस." "ताई, त्या खोलीत काही नाहीये." "हो का?" "खरंच काही नाहीये." "बरं बाई, नको सांगूस. घरच्यांना सांगितलं की फुटतं, बरोबर आहे तुझं." आणि त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. लगेच फोनवरचा आवाज आला, "अहो, आमच्या भावजयीचं नाव आलंय. नाही हो, आत काय आहे ते घरातसुद्धा सांगत नाही. फार खोल बाई." तिने ब्रेडकडे पाहिलं. खरवडता खरवडता मधोमध भोक पडलं होतं.

खोल! तिच्यात खोल असं काही असलंच तर तो थकवा होता. आणि गेममध्ये खोल असं काही नव्हतंच. उथळ असावा म्हणूनच तिने तो जपून जपून केला होता. तुम्ही एका इमारतीत राहता. समोरच्या घरातली बाई गावाला जाताना तुमच्याकडे किल्ली देते आणि म्हणते, कुंड्यांना तेवढं पाणी घाला. रोज एकदा तुम्ही दार उघडायचं, झारी भरायची, पाणी घालायचं, बाहेर यायचं. रोज एकदाच, दुसऱ्यांदा गेम उघडतच नाही. कुठे पळायचं नाही, कुणाला मारायचं नाही. पाणी घालता घालता तिचं घर दिसत राहतं: एका बाजूला झिजलेली खिडकीतली खुर्ची, पालथा घातलेला एकच कप, भिंतीवर फ्रेम काढल्याचा फिकट चौकोन. हळूहळू त्या बाईचं माणूसपण जमत जातं, जसं न भेटलेल्या माणसाचं त्याच्या चपलांवरून जमतं. मग एक दिवस ती परत येते, दारात हात पुढे करते, तुम्ही किल्ली तिच्या हातावर ठेवता. संपलं. त्यानंतर तो गेम पुन्हा कधी उघडत नाही. ज्याचं घर त्याला परत, हे एवढंच तिला सांगायचं होतं, आणि आता सगळं जग तिला विचारत होतं की यापुढे काय. तिला पहिली मुलगी झाली तेव्हा बाळाची नाळही पडली नव्हती, आणि दवाखान्यात भेटायला आलेली माणसं "आता दुसरं कधी?" असं विचारत होती. तेव्हा तिने हसून घेतलं होतं. आता तेवढं हसू तिच्यापाशी उरलं नव्हतं.

दार खरं म्हणजे लोटलेलं होतं. बसमध्ये खिडकीशी बसून ती हे स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणत होती, जणू कुणी तिची साक्ष घ्यायला बसलं होतं. कुलूप नव्हतंच. ती शाळेत असताना त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या काकू बहिणीच्या आजारपणासाठी गेल्या आणि किल्ली आईकडे देऊन गेल्या. कुंड्यांचं काम तिच्याकडे आलं. आईने बजावलं, "जायचं, पाणी घालायचं, यायचं. इकडेतिकडे बघायचं नाही." "न बघता पाणी कसं घालायचं?" "तोंड वर करून बोलू नकोस." त्या घराला पावडरचा आणि बंद कपाटांचा वास होता. पायाखालची फरशी दुपारीसुद्धा गार असायची. कुंड्या मागच्या सज्जात होत्या, आणि तिथे जायला एक अरुंद बोळ होता, आणि त्या बोळात डाव्या हाताला एक दार होतं. लोटलेलं. कडी नाही, कुलूप नाही, बोटाने ढकललं तर उघडेल असं. वाऱ्याने कधी ते जरासं हलायचं आणि चौकटीला हलकेच टेकायचं. ती झारी दोन्ही हातांनी धरून त्याच्यासमोरून जायची. जाताना पोटात काहीतरी घट्ट व्हायचं, येताना सैल व्हायचं. ते दार तिने कधी उघडलं नाही. चांगुलपणाने नाही, ती काही फार चांगली मुलगी नव्हती, वर्गात चिमटे काढायची. पण त्या घरात तिला कोणी बघत नव्हतं, आणि कोणी बघत नाही म्हणूनच तिला वाटायचं की आता आपण जे करू ते आपलं राहील. एवढं मोठं वाक्य तेव्हा तिच्या डोक्यात नव्हतं, नुसतं ते घट्ट होणं होतं. पुढे संसार झाला, नोकऱ्या झाल्या, पण तसं घट्ट आणि सैल पुन्हा कुठे भेटलं नाही. म्हणून हा गेम. म्हणून ते दार.

आणि मग टेस्टिंग. गेम अर्धाअधिक झाला की बाहेरची अनोळखी माणसं बोलवायची, त्यांना खेळायला बसवायचं, आणि आपण मागे खुर्ची टाकून तोंडातून शब्द न काढता बघत राहायचं, ही त्यांच्या धंद्यातली रीत. मदत करायची नाही, सुचवायचं नाही, उसासासुद्धा टाकायचा नाही. ती बसली होती. पहिला माणूस आत शिरला आणि झारीकडे ढुंकूनही न बघता बोळात गेला आणि दार उघडलं. दुसऱ्या बाईने दार उघडलं. तिसऱ्याने उघडलं. सगळ्यांनी उघडलं, कुंड्या राहिल्या बाजूला. आणि आत तिने काही केलंच नव्हतं. भिंती नाहीत, छत नाही, फरशीसुद्धा नाही. तिला वाटलं होतं की फार थोडे उघडतील, त्यांचं नंतर बघू. त्यामुळे दार उघडून जो आत पाऊल टाकी तो सरळ खाली पडे, आणि पडतच राही. करड्या पोकळीत, झारीसकट. एका माणसाने तर पडता पडता विचारलं, "हा तिच्या मनाचा तळ आहे का?" शेवटी सुताराने उपाय केला. सुतार म्हणजे त्यांच्यातला प्रोग्रॅमर. गेममधली सगळी दारं, खिडक्या, भिंती तोच उभ्या करतो म्हणून ऑफिसात त्याला सगळे सुतारच म्हणत. "बाई, माणसं पडतायत. तात्पुरतं कुलूप लावतो," तो म्हणाला. तिला ऑफिसात बाई म्हणत, कारण तिथे तिच्यापेक्षा मोठं कोणी नव्हतं. घाईत त्याला हाताशी मिळालं ते कुठल्यातरी जुन्या, चाच्यांच्या गेममधलं पितळी कुलूप, तळहाताएवढं, वर कवटी कोरलेली. कवटी त्याने घासून काढली, पण कुलूप तेच राहिलं. तात्पुरतं. या धंद्यात तात्पुरतं म्हटलं की ते सगळ्यात शेवटपर्यंत टिकतं, हे दोघांनाही माहीत होतं, तरी दोघांनी माना हलवल्या. आणि मग गेमचा नमुन्याचा भाग, डेमो, लोकांसाठी बाहेर पडला, तो त्या कुलपासकट.

ऑफिसात यादी भिंतीवर चिकटवलेली होती. दादा, म्हणजे कंपनीचा मालक, वयाने तिच्याहून बराच लहान, पण त्याला दादाच म्हणायचं, तो तिच्यासमोर उभा राहून ती यादी मोठ्याने वाचत होता, जणू तिला वाचता येत नव्हतं. "बीज, बाई! आपल्याकडे बीज आहे!" "दादा, त्या खोलीत काही नाहीये." "उत्तम. मलाही सांगू नका." "सांगत नाही असं नाही, मी सांगतेच आहे. तिथे फरशीसुद्धा नाही." दादाचे डोळे मोठे झाले. तो सगळ्यांकडे वळला. "ऐकलंत? फरशीसुद्धा नाही. अरे, काय कल्पना आहे!" सुतार खाली मान घालून हसत होता, त्याच्या मानेमागचा भाग तिला दिसत होता आणि तिथे एक टपली मारावीशी वाटत होती. दुपारी पैसे घालणारी माणसं स्क्रीनवर आली, चार चौकोनांत चार चेहरे. त्यातल्या एकीने गोड आवाजात विचारलं, "आम्हाला तरी सांगा, आत काय आहे?" लहानपणीच्या त्या दारामागे खरं जे होतं तेच ती थकून बोलली. "इस्त्रीचं टेबल." चारही चौकोन हसले. "भारीच आहेत या," ती बाई दादाला म्हणाली, "पकडू देत नाहीत." तिला लहानपणचं एक स्वप्न आठवलं, ज्यात ती घसा फोडून ओरडते आणि समोरची माणसं मान डोलावत गाणं ऐकल्यासारखी ऐकतात. फरक एवढाच की स्वप्नात शेवटी जाग यायची.

पुढचे दिवस तसेच गेले. इंटरनेटवर अनोळखी लोक त्या खोलीबद्दल भांडत होते. आत मुलगा आहे. आत मेलेला नवरा आहे. आत दुसरं घर आहे आणि त्यात दुसरी खोली आहे. एकाने झारीचा आकार मोजून सिद्ध केलं होतं की बाई गावाला गेलेलीच नाही. मुलीच्या शाळेतल्या बाईंनीसुद्धा पालकसभेत मुलीचे गुण बाजूला ठेवून हलक्या आवाजात विचारलं, "भूत आहे ना?" आणि घरी नवरा वर्तमानपत्र घडी करत म्हणाला, "थोडं रहस्य ठेवलंस तर बिघडलं कुठे? लोकांना आवडतंय." "अरे, पण नाहीये ना रहस्य!" "मग घाल." "घाल?" "एवढा गेम केलास, एक रहस्य नाही घालता येत?" ती उठून गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेली आणि उन्हात कडक झालेले टॉवेल चारचारदा झटकत राहिली. तिला राग नेमका कसला येत होता? लोक दार उघडतात याचा नाही. ते तर तिने टेस्टिंगच्या दिवशीच गिळलं होतं. राग याचा, की कुलपामुळे आता दार न उघडण्यात कुणाचाच कस लागत नव्हता. ज्याला उघडताच येत नाही त्याने न उघडून काय केलं? तो नुसता वाट बघणार, दुसऱ्या भागाची. तिच्या पोटातलं ते घट्ट आणि सैल त्या पितळी धुडाने कायमचं बंद करून टाकलं होतं. आणि लोक त्याच धुडाला ओवाळत होते.

शुक्रवारी दादाने तिला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "बाई, सोमवारी गेमची शेवटची प्रत बाहेर जाते. बारा वाजता पैसे घालणाऱ्यांचा फोन आहे. कुलूप राहू दे, आणि मला तीन भागांची तीन पानं लिहून द्या. पहिल्यात कुलूप, दुसऱ्यात किल्ली, तिसऱ्यात खोली. ते तिन्ही घेतील, शब्द दिलाय त्यांनी." "आणि नाही दिली तर?" "तर हा एक गेम. लोक पाणी घालतील, छान म्हणतील आणि विसरतील. आणि आपण दुकान आवरू. सुताराचं लग्न ठरलंय, माहितीये ना? आणि गेमचे आवाज करणारी आपली पोरगी, तिने तर आत्ताच आईवडिलांना इकडे आणलंय." तो दुष्ट नव्हता, हेच तर होतं. दुष्ट असता तर तिला सोपं गेलं असतं. तिला आठवलं की ज्या दिवशी बाकी सगळ्यांनी तिचा गेम ऐकून "बरं, मग पुढे काय होतं?" असं विचारलं होतं, त्या दिवशी यानेच एकट्याने विचारलं होतं, "कुंड्या कसल्या?" त्या प्रश्नावर ती इथे आली होती. "ते दार माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. दादानेच घातलेला तो नियम: गेममधली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी नावावर, तिच्यात बदल त्यानेच करायचा किंवा त्याच्या होकाराने. दादाने कपाळ चोळलं. "माहितीये. म्हणून तर विनवतोय, नाहीतर मीच केलं नसतं?"

शनिवारी ऑफिस रिकामं होतं, फक्त सुतार होता, कारण तिने बोलावलं होतं. तिने दिवसभर बसून ती खोली केली. इस्त्रीचं टेबल, त्यावर जळक्या डागाची चादर, खाली टोपली, भिंतीला टेकवलेली एक मोडकी छत्री, वर उघडा दिवा. सुताराने खाली फरशी घातली. "आता पडणार नाही कोणी," तो म्हणाला, मग जरा थांबून, "बाई, कुलूप काढतोय खरा, पण तुमच्या नावावर टाकतो हं. माझ्या नको." "माझ्याच टाक. तुझ्या लग्नाचं मला माहितीये." "मी तसं म्हटलं नाही." "मी म्हणतेय." टेबलाचे पाय ती पुन्हा पुन्हा आखत होती, आणि तिला वरच्या काकू परत आल्या तो दिवस दिसत होता. काकू दारात, पिशवी हातात, घामाने चिकटलेले केस. आत आल्या त्या सरळ बोळात गेल्या, ते दार खांद्याने ढकललं आणि इस्त्रीचं टेबल खरडत बाहेर ओढलं, कारण संध्याकाळी कुठेतरी जायचं होतं आणि साडी चुरगळली होती. ती किल्ली मुठीत धरून उभी होती आणि तिला सगळं दिसलं. टोपली. छत्री. एवढंच. तिची निराशा झाली नाही. उलट इतके दिवस ज्याच्यासमोरून आपण श्वास धरून गेलो ते एक टेबल होतं, आणि तरी तो श्वास धरणं खोटं नव्हतं, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं, म्हणजे अंगाला कळलं. काकूंनी किल्ली घेतली. काही विचारलं नाही. ते न विचारणं तिला आयुष्यभर पुरलं.

ऑफिसातले सगळे ते दार ओळखून होते, म्हणून कोरं माणूस हवं होतं. रविवारी दुपारी तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि नणंदबाईंना बसवलं. दाढ परत ठणकत होती, पण त्या लगेच सावरून बसल्या. "म्हणजे मला आधी दाखवणार? अहाहा." ती रीतीप्रमाणे मागे खुर्ची टाकून बसली, तोंड बंद. नणंदबाई आत शिरल्या. झारी घेतली नाही. कुंड्या बघितल्या नाहीत. पहिलं कपाट, मग फ्रिज, मग स्वयंपाकघरातले डबे, आणि मग बोळ. दार. "कुलूप कुठाय?" असं म्हणत म्हणत त्यांनी ते उघडलंसुद्धा. ती डोळे मिटून घेणार होती, पण मिटले नाहीत. "इस्त्रीचं टेबल?" "हो." "एवढंच?" "एवढंच, ताई. आत काही नाहीये असं मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." "शी! मी चारचौघींत सांगून बसले की आत प्रेत आहे." त्या चिडून मागे वळल्या, आणि मग थांबल्या. माउस हलवू लागल्या, बटणं दाबू लागल्या. "हे दार लागतं कसं?" "लागत नाही." "लागत नाही म्हणजे?" "उघडलं की उघडंच राहतं. सगळी दारं तशीच आहेत. मागे लागणारं दार माणसाला चिमटीत पकडतं, खेळणारा अडकतो, म्हणून आम्ही..." "अगं पण असं उघडं टाकून जाऊ मी?" नणंदबाईंचा आवाज चढला. "ती बाई आली की तिला कळणार नाही का, मी आत गेले होते ते? लाज नाही का काही?" "तुम्ही उघडलंत ना पण." "उघडलं तर उघडलं! उघडायला काय, कोणीही उघडतं. नंतर होतं तसं लावून ठेवायचं असतं. तुझं लग्न झालं त्या वर्षी तुझं अख्खं कपाट मी बघितलं होतं, शेवटच्या घडीपर्यंत. कधी कळलं तुला?" "नाही." "मग!" त्या विजयाने म्हणाल्या, आणि लगेच गालावर हात ठेवला, कारण फार मोठ्याने बोलल्या होत्या. "याला म्हणतात दुसऱ्याच्या घरात वावरणं. तुमच्या गेममध्ये माणसाला चांगलं वागायची सोयच नाही."

ती उठली, पाण्याचा पेला भरला आणि तो प्यायची विसरली. कपाटाचा राग यायला हवा होता. तो येईल, तिला माहीत होतं, उद्यापरवा कधीतरी टॉवेल झटकताना येईल. पण आत्ता तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी फिरत होतं. इतके दिवस ती त्या दाराबद्दल बोलली, भांडली, कुलपाला शिव्या घातल्या, लोक का उघडतात म्हणून मनातल्या मनात सगळ्या जगाला खडसावलं. आणि उघडलेल्या माणसाने पुढे काय करायचं, याचा विचार तिने एकदाही केला नव्हता. न उघडणाऱ्यांसाठी तिच्या गेममध्ये जागा होती, म्हणजे तिच्यासारख्यांसाठी. उघडणाऱ्यांना तिने आधी खाली पाडलं, मग कुलूप लावलं, आणि आता टेबल दाखवून हिणवत होती. त्यांना दार परत लोटून घ्यावंसं वाटेल, मागे वळून बघावंसं वाटेल, होतं तेवढंच लोटलं गेलं का याची काळजी वाटेल, हे तिच्या मनालाच शिवलं नव्हतं. तिच्या त्या घट्ट होण्याला दुसरी बाजू होती आणि ती तिला एका सुजलेल्या गालाच्या बाईने शिव्या देत देत दाखवावी! तिला हसू येत होतं आणि स्वतःचा इतका वैताग आला होता की हसता येत नव्हतं. "पुढे खेळा ना," ती म्हणाली. "नाही बाई," नणंदबाई लॅपटॉप दूर सारत म्हणाल्या. "दार उघडं टाकलंय. कुठल्या तोंडाने जाऊ उद्या?"

सोमवारी ती सुताराच्या आधी ऑफिसात होती. "दार लोटता आलं पाहिजे," तिने त्याला खुर्चीत बसूही न देता सांगितलं. "हवं तेवढं. पूर्ण, अर्धं, बोटभर. होतं तेवढंच लोटलं की नाही हे गेमने सांगायचं नाही." "आणि ती बाई परत येते तेव्हा?" "येते, एकदा बोळाकडे बघते, हात पुढे करते." "उघडं असलं तर?" "तेच." "बंद असलं तर?" "तेच." सुताराने बोटं मोडली. "पण तिला कळतं का?" ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. "मला माहीत नाही," ती म्हणाली. सुताराने तिच्याकडे नीट बघितलं. इतके दिवस तिने जे जे खरं सांगितलं ते कुणाला पटलं नव्हतं. हे मात्र त्याला लगेच पटलेलं दिसलं. तो कामाला लागला.

दादा आला तेव्हा काम नुकतंच आटोपलं होतं. त्याने स्क्रीनकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कुलूप?" "काढलं." "बाई!" "माझ्या नावावर आहे." "बारा वाजता फोन आहे त्यांचा, मी काय सांगू? काय विकू मी?" तो एवढ्या मोठ्याने बोलला की आवाज करणारी पोरगी कानावरचे हेडफोन काढून उभी राहिली. "तीन पानं मागितली होती तुमच्याकडे. तीन." "ती होणार नाहीत, दादा. त्यांना हवं तर हा एक घ्या म्हणावं. नाहीतर मी जाते, दार मात्र असंच राहील." हे ती ओरडून बोलली नाही, तिला ओरडायला कधी जमलंच नव्हतं. दादाने खुर्ची ओढली, धपकन बसला. "बघू तर खरं, काय वाट लावलीत," म्हणाला आणि खेळायला लागला. शिरल्या शिरल्या बोळात गेला, दार ढकललं. "इस्त्रीचं टेबल," तो म्हणाला. "सांगत होते मी." "म्हणजे तुम्ही खरंच सांगत होतात?" "पहिल्या दिवसापासून." त्याने मान हलवली, पाऊल मागे घेतलं, आणि त्याचा हात आपसूक त्या नव्या बटणावर गेला. दार लोटलं. मग जरा उघडलं. मग पुन्हा लोटलं. "आधी एवढंच होतं का?" मग तो मागे वळला. "सुतार, आधी एवढंच होतं का रे?" "माहीत नाही, दादा." दादा स्क्रीनच्या जवळ वाकला, दार केसभर पुढे घेतलं, केसभर मागे घेतलं, आणि मग, सांगितलं नसताना, जाऊन झारी भरली.

दिवस पुढे सरकवायची सोय गेम करणाऱ्या लोकांसाठी असते, ती वापरून तो शेवटच्या दिवसापर्यंत गेला. पण प्रत्येक दिवशी पाणी घातल्याशिवाय पुढे सरकला नाही, आणि बोळातून जाताना दर वेळी त्याची मान किंचित आखडत होती. ती मागे बसून ती मान बघत होती. मग बेल वाजली. दारात ती बाई उभी होती, पिशवी हातात. आत आली. एकदा बोळाकडे बघितलं. आणि हात पुढे केला. खाली नेहमीसारखं एकच बटण आलं, किल्ली देण्याचं. दादाचा हात माउसवर होता. टेबलावरचा फोन वाजायला लागला, चार चौकोनांतल्या माणसांचा, बरोबर बारा वाजले होते. त्याने तिकडे बघितलंच नाही. बाईचा हात तसाच पुढे होता, तळवा वर, बोटं जराशी वळलेली. फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

"अहो, द्या की आता," ती वैतागून म्हणाली. "किती वेळ ताटकळत ठेवाल तिला?"

"थांबा हो जरा," दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ती माझ्याकडे बघतेय."